फ्लॅटचे बक्षीसपत्र करावे की मृत्युपत्र? वडिलांचे विस्मरण वाढत असताना कोणती कागदपत्रे आधी करावीत?

थोरली

माझे वडील ७६ वर्षांचे असून आई ७१ वर्षांची आहे. आम्ही तीन भावंडे आहोत: मी थोरली, माझ्या पाठची बहीण परदेशात स्थायिक झालेली, आणि सर्वांत धाकटा भाऊ, जो पत्नी व मुलांसह आईवडिलांबरोबरच राहतो. त्यांचे औषधपाणी, बँकेची कामे, दवाखान्याच्या खेपा हे सारे वर्षानुवर्षे तोच पाहत आला आहे. राहता फ्लॅट वडिलांनी नोकरीच्या उत्पन्नातून घेतला. तो एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत असून भाग दाखला त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि संस्थेकडे नामनिर्देशन भावाचे केलेले आहे. याखेरीज काही मुदत ठेवी आहेत, त्यांतील बहुतेक वडिलांच्या एकट्याच्या नावावर. आईच्या नावावर तिच्या वडिलांकडून वारसाने आलेला शेतजमिनीतील हिस्सा आहे. आम्ही हिंदू असून महाराष्ट्रातच राहतो.

अलीकडे वडिलांचे विस्मरण वाढले आहे. ते माणसे ओळखतात, पैशांचे व्यवहार त्यांना समजतात, मात्र सकाळी झालेले बोलणे सायंकाळी आठवत नाही. हे पाहून भावाने सुचवले की फ्लॅटचे बक्षीसपत्र आताच त्याच्या नावे करून घ्यावे, म्हणजे पुढे कोर्टकचेरी नको. त्याच्या हेतूविषयी मला शंका नाही आणि घर त्याला मिळण्यास आम्हा बहिणींची हरकतही नाही. तरीही वडिलांच्या मागे आईच्या राहण्याची हमी कोण देणार, हा प्रश्न मनातून जात नाही. नामनिर्देशन भावाचे असल्यामुळे घर आपोआप त्याचे होते का? बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांपैकी काय करणे योग्य ठरेल? आणि वडिलांची स्मृती आणखी खालावली, तर त्यांच्या वतीने सह्या कोणी करायच्या? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दस्तऐवज

मी दस्त नोंदणीच्या कामात पुष्कळ वर्षे घालवली आहेत. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसते. खातेदाराच्या मृत्यूनंतर रक्कम किंवा मालमत्ता कोणाच्या हाती सोपवावी एवढ्यापुरताच तो उल्लेख असतो, आणि ज्याच्या हाती ती येते त्याने ती खऱ्या वारसांसाठी सांभाळायची असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात विमा पॉलिसीच्या संदर्भात हे सांगितले आणि डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात शेअर्सच्या बाबतीतही तेच कायम केले. विम्यापुरता मात्र आता एक अपवाद आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती, पत्नी किंवा मुले यांचे नामनिर्देशन असेल, तर ती रक्कम लाभार्थी म्हणून त्यांचीच ठरते. गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली स्वतंत्र प्रकरण आले आणि त्यानुसार नामनिर्देशित व्यक्तीला केवळ तात्पुरता सदस्य म्हणून घेता येते. कायम सदस्यत्व मृत्युपत्र, वारसाचा दाखला किंवा वारसांमधील रीतसर कागद पाहूनच मिळते. तेव्हा आपल्या बंधूंचे नाव संस्थेच्या दप्तरी असणे उपयोगाचे आहे, परंतु तेवढ्याने घर त्यांचे होत नाही.

मृत्युपत्र न करता वडील गेले, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार स्वकष्टार्जित मालमत्ता पहिल्या वर्गातील वारसांकडे समान वाट्याने जाते. आपल्या घरात पत्नी, मुलगा आणि दोन मुली असे चार वारस आहेत, म्हणून प्रत्येकी एक चतुर्थांश. (आपली आजी हयात असती, तर पाचवा वाटा तिचा असता, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.) असे झाल्यास परदेशातील भगिनींनाही हक्कसोडपत्रावर सही करावी लागेल, तेथून कागद साक्षांकित करून आणावे लागतील, आणि आज मनात नसलेली कटुता त्या काळात उत्पन्न होऊ शकते.

म्हणून मृत्युपत्र करणे इष्ट, आणि ते लवकर करणे अधिक इष्ट. ते साध्या कागदावर, हाताने किंवा टंकलिखित, कोणत्याही भाषेत चालते आणि त्यावर मुद्रांक शुल्क लागत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. प्रत्येक साक्षीदाराने त्यांना सही करताना पाहिलेले असावे, किंवा ही सही माझीच आहे असे त्यांच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि साक्षीदाराने स्वतःची सही त्यांच्या समक्ष करावी. नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही आपल्यासारख्या परिस्थितीत मी नोंदणी करावी असेच म्हणेन, कारण दुय्यम निबंधकांसमोर ती व्यक्ती स्वतः हजर होती आणि तिने दस्त मान्य केला, याची सरकारी नोंद राहते. वडिलांना कार्यालयात येणे शक्य नसेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये विशेष कारणास्तव अधिकाऱ्याने घरी येऊन नोंदणी करण्याची सोयही आहे.

विस्मरणाचा मुद्दा नाजूक आहे, पण निराशाजनक नाही. नावे किंवा सकाळचे बोलणे विसरणे म्हणजे मृत्युपत्र करण्याची क्षमता संपणे नव्हे. आपल्याकडे काय आहे, आपले जवळचे कोण आहेत आणि आपण कोणाला काय देत आहोत, हे सही करतेवेळी त्यांना समजत असले पाहिजे. आजारामुळे हे समजतच नसेल, तर केलेले मृत्युपत्र टिकत नाही. म्हणून त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ असल्यास अधिक चांगले, आणि तेच साक्षीदारही झाले तर उत्तमच. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले तत्त्व आजही वापरले जाते: मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर तिचे समाधानकारक निरसन करण्याची जबाबदारी ते पुढे आणणाऱ्यावर असते, आणि ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेणे ही अशी एक परिस्थिती समजली जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा की वकील ठरवणे, मसुदा सांगणे आणि वडिलांना कार्यालयात नेणे ही कामे आपल्या बंधूंनी करू नयेत. ती आपण करावीत. घर भावाला जाणार असताना बहिणीने केलेली धावपळ पुढे त्याच्याच उपयोगाची ठरेल.

सरळमार्गी

वरील माहिती अचूक आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. मृत्युपत्राला आव्हान देणे फार सोपे असते आणि ते सिद्ध करण्याची वेळ येते तेव्हा ज्याची सही आहे तो माणूस उत्तर द्यायला उरलेला नसतो. साक्षीदार वृद्ध झालेले असतात, कोणी गाव सोडून गेलेले असते. नोंदणीकृत बक्षीसपत्र झाले की विषय तेथेच संपतो. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. जेथे स्थानिक अधिभार लागू असेल तेथे तो वेगळा. आमच्या घरी आम्ही हाच मार्ग स्वीकारला आणि आजपर्यंत कोणाचीही तक्रार नाही. ज्या घरात बहिणींचीच हरकत नाही, तेथे एवढे घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. वडील शुद्धीत आहेत, तोवर त्यांच्याच हाताने काम पूर्ण होऊ द्यावे.

उंबरठा

सरळमार्गी यांचा साक्षीदारांविषयीचा मुद्दा रास्त आहे. कायद्याने मृत्युपत्र सिद्ध करताना, साक्षीदार हयात आणि उपलब्ध असेल, तर किमान एकाची साक्ष घ्यावी लागते, म्हणून साक्षीदार वयाने तरुण, त्याच परिसरात राहणारे आणि मालमत्तेत कसलाही लाभ नसलेले निवडावेत. परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण बहिणींचा अविश्वास हे नसून बक्षीसपत्राचे स्वरूप हे आहे.

बक्षीसपत्र हे आजपासून लागू होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार ते नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांनी साक्षांकित असावे लागते, आणि एकदा स्वीकारले गेले की देणाऱ्याला केवळ मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. घर मुलाचे झाल्यावर तो ते गहाण ठेवू शकतो. त्याचा व्यवसाय बुडाला, तर ज्यांचे पैसे त्याच्याकडे थकले आहेत त्या धनकोंचा हात त्या घरापर्यंत पोहोचू शकतो. आणि दुर्दैवाने तो आईवडिलांआधी गेला, तर ते घर त्याच्या वारसांकडे, म्हणजे पत्नी, मुले आणि आई यांच्याकडे जाते, ज्यात वडिलांचा वाटा शून्य असतो. ही शक्यता कोणालाही उच्चारणे आवडत नाही, म्हणूनच ती कागदावर येत नाही. मुलगा कितीही सज्जन असला तरी यांतील एकही गोष्ट त्याच्या सज्जनपणावर अवलंबून नाही.

पुष्कळ लोक असे गृहीत धरतात की मुलाने सांभाळले नाही तर ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली बक्षीसपत्र रद्द करता येते. तशी तरतूद आहे: आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ आणि कल्याण अधिनियम, २००७ चे कलम २३. त्यात म्हटले आहे की, देणाऱ्याच्या मूलभूत सोयी व गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. सगळी मेख ‘अटीवर’ या शब्दात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी अट होती हे सिद्ध झालेच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित खटल्यात त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा असे सांगून आईला मालमत्तेचा ताबा परत देण्याचा आदेश दिला. पण त्या प्रकरणात बक्षीसपत्रात सेवेचा उल्लेख होता आणि सांभाळण्याचे वचन देणारा वेगळा कागदही होता. सर्वसाधारण बक्षीसपत्रात मात्र ‘प्रेम व आपुलकीपोटी’ एवढेच छापील वाक्य असते आणि अटीचा मागमूस नसतो.

म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल, तर त्यात दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या असाव्यात. एक म्हणजे वडील आणि आई या दोघांनाही, जो शेवटी राहील त्याच्या अखेरपर्यंत, त्या घरात राहण्याचा हक्क राखून ठेवला आहे; असा हक्क राखल्याने बक्षीसपत्र अवैध होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रेणिकुंटला राजम्मा खटल्यात मान्य केले आहे. दुसरी म्हणजे अन्न, औषधोपचार, शुश्रूषा आणि निवास यांची तरतूद करण्याच्या अटीवरच हे बक्षीस दिले जात आहे. असा मजकूर घालण्यास कोणी संकोच करत असेल, तर तो संकोच आताच दिसलेला बरा.

माझा कौल तरीही मृत्युपत्रालाच आहे. ते हयातीत कितीही वेळा बदलता येते, मालकी अखेरपर्यंत वडिलांकडे राहते आणि भावाने केलेल्या सेवेची दखल घेऊन घर त्याला देण्याचे स्वातंत्र्य वडिलांना आहेच, कारण स्वकष्टार्जित मालमत्ता कोणाला द्यावी यावर हिंदू कायद्यात बंधन नाही. अशा वेळी मुलींना फ्लॅटमध्ये वाटा का दिला नाही याचे कारण एका वाक्यात मृत्युपत्रातच लिहावे. वारसांपैकी कोणाचा तरी उल्लेखच नसणे संशयाला जागा देते. विचारपूर्वक लिहिलेले कारण तो संशय मोठ्या प्रमाणात दूर करते.

शुश्रूषा

वरची सारी चर्चा वडिलांच्या मृत्यूनंतर काय होईल याभोवती फिरते आहे. मी ज्येष्ठांच्या देखभालीच्या क्षेत्रात काम करते आणि अनुभवाने सांगते की कुटुंबे अडतात ती त्याआधीच्या वर्षांत, जेव्हा माणूस हयात असतो पण सही करू शकत नाही. थोरली यांचा तिसरा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर फारसे सुखद नाही.

लोक म्हणतात, कुलमुखत्यारपत्र करून ठेवा. करावे, पण त्याची मर्यादा ओळखून. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची मनःस्थिती विकल झाली, की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. काही देशांत देणाऱ्याची क्षमता गेल्यानंतरही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. त्यानंतर उरणारा मार्ग म्हणजे पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जाणे. कोमात किंवा तत्सम अवस्थेत असलेल्या व्यक्तींसाठी उच्च न्यायालये संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली असे पालक नेमत आली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वेही घालून दिली. परंतु त्यात वैद्यकीय मंडळाचा अहवाल, मालमत्तेची यादी, सर्व वारसांची संमती आणि न्यायालयाला वेळोवेळी हिशेब सादर करणे असे सारे येते. ज्या कुटुंबाला केवळ रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी ठेव मोडायची असते, त्याला हा मार्ग पेलत नाही.

म्हणून ज्या साध्या गोष्टी वडिलांच्या सहीने आज होऊ शकतात त्या प्रथम उरकाव्यात. त्यांच्या एकट्याच्या नावावरील ठेवी मुदत संपेल तशा आईबरोबर संयुक्त नावाने, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने ठेवाव्यात. बचत खात्याचेही तसेच करावे. मुदतीपूर्वी ठेव मोडण्याचा अधिकार एका खातेदाराला हवा असेल, तर ती सूचना बँकेला दोघांच्या सहीने लेखी दिलेली असावी, अन्यथा बँक दोघांची सही मागते. आईबरोबर तिसरे नाव आपल्यापैकी एकाचे घालावे का, हा घरात बसून ठरवण्याचा प्रश्न आहे; मात्र नाव घातले म्हणजे पैसा त्याचा झाला असा समज कोणाचाही होऊ देऊ नये आणि ते मृत्युपत्रात एका वाक्याने नमूद करावे. हात थरथरल्याने सही जुळत नाही एवढीच अडचण असेल, तर घाबरू नये: रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी किंवा अपंग खातेदाराच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, आणि तो ओळखणारे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. ही सोय शरीर थकलेल्यांसाठी आहे, व्यवहाराची समज गेलेल्यांसाठी नाही, हा फरक मात्र लक्षात ठेवावा.

दुसरा विषय उपचारांचा. शेवटच्या अवस्थेत कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावे किंवा नाही याविषयी वडिलांची काही इच्छा असेल, तर ती वैद्यकीय पूर्वनिर्देश म्हणून लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी हा अधिकार मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये कार्यपद्धती सोपी केली: आता न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांकडून ती साक्षांकित करता येते. त्यात निर्णय घेऊ शकणाऱ्या जवळच्या व्यक्तींची नावे लिहावीत, प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे मत देतात, त्यामुळे एकट्या मुलाच्या शब्दावर काही होत नाही आणि त्याच्यावर दोषही येत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या उपचारांसाठी स्वतंत्र पूर्वनिर्देश आणि नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय आहे. तो प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, मालमत्तेवर त्याला कसलाही अधिकार मिळत नाही. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या घरांनी हे दोन्ही कागद डॉक्टरांशी बोलून करावेत. मृत्युपत्राइतकी घाई त्यांनाही आहे, कारण तिन्हींसाठी लागणारी समज एकच आहे आणि ती रोज थोडी कमी होते आहे.

थोरली

सर्वांचे मनापासून आभार. काल भावाशी आणि वहिनीशी दूरध्वनीवर बोलले. भाऊ धनकोंच्या मुद्द्यावर बराच वेळ गप्प होता आणि नंतर स्वतःच म्हणाला की मृत्युपत्रच करूया. आता दोन शंका उरल्या आहेत. आईवडिलांचे एकच संयुक्त मृत्युपत्र करावे का? आणि आईच्या माहेरच्या जमिनीचे काय? ती म्हणते की तिच्यामागे ती जमीन मामांकडे परत जाईल, म्हणून मृत्युपत्रात लिहायची गरज नाही. याशिवाय बँकेतून असे सांगण्यात आले की आता चार नामनिर्देशन करता येतात. तसे केले तर मृत्युपत्राची गरज उरते का?

दस्तऐवज

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर छोटे आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरसाठी मात्र फक्त क्रमानेच. बँकेची जबाबदारी त्यामुळे सुटते, वारसांमधील हिशेब सुटत नाही. तेव्हा नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांतील नावे शक्यतो जुळती ठेवावीत आणि दोन्ही करावीत. वडिलांची सही जुळते आहे तोवर प्रत्येक खात्याचे नामनिर्देशन तपासून घ्यावे. जुन्या ठेवींवर दिवंगत भावाचे किंवा आईचे नाव तसेच राहिलेले मी अनेकदा पाहिले आहे.

संयुक्त मृत्युपत्र टाळावे. पहिल्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला ते बदलता येते की नाही यावर वाद होतात, आणि एकाच्या क्षमतेविषयीची शंका दुसऱ्याच्याही दस्ताला चिकटते. आपल्या आईंची समज उत्तम आहे, मग वडिलांच्या विस्मरणाची छाया त्यांच्या कागदावर कशाला? दोघांची दोन स्वतंत्र मृत्युपत्रे करावीत.

वडिलांच्या मृत्युपत्रात आईची सोय कशी लिहायची, याकडे वकिलांनी विशेष लक्ष द्यावे. ‘घर पत्नीला हयातभर, त्यानंतर मुलाला’ असे वाक्य सर्रास लिहिले जाते. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ मुळे अशा वाक्यांवर दीर्घकाळ खटले चालले आहेत, कारण स्त्रीला पोटगीच्या हक्कापोटी मिळालेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीत रूपांतरित होतो की नाही, हा प्रश्न प्रत्येक दस्ताच्या शब्दांवर ठरतो. त्यापेक्षा मालकी थेट मुलाला देऊन त्यावर आईच्या आजन्म निवासाचा हक्क घालणे आणि तिच्या सांभाळासाठी ठेवी तिच्या पूर्ण मालकीच्या करणे, ही रचना माझ्या मते अधिक स्वच्छ आहे. यात आईच्या हाती स्वतःचा पैसा राहतो, आणि तिला कोणाकडे मागावे लागत नाही.

आता आईंच्या जमिनीविषयी. त्यांचा समज अर्धवट ऐकीव माहितीवर आधारलेला दिसतो. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता मरण पावली आणि तिला मुले असतील, तर तिची मालमत्ता मुलगे, मुली आणि पती यांच्याकडे समान वाट्याने जाते, ती कोठूनही आलेली असो. आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते, ती केवळ त्या स्त्रीला मुले किंवा दिवंगत मुलांची अपत्ये नसतील तेव्हा. म्हणजे आपल्या घरी मृत्युपत्राअभावी वडील आणि आपण तिघे भावंडे असे चार वाटे होतील, आणि त्यांतील एक वाटा अशा व्यक्तीकडे जाईल जिला तोवर कदाचित सही करता येणार नाही. तेथेच सारा व्यवहार अडकेल. आईंना ती जमीन खरोखरच भावांना परत द्यायची असेल, तर त्यासाठीही मृत्युपत्रच लागेल. आणि मुलांना द्यायची असेल, तरीही वडिलांना वगळून थेट मुलांना देणे व्यवहारदृष्ट्या सोयीचे ठरेल.

मृत्युपत्र लिहिण्यापूर्वी सातबारा आणि फेरफार काढून पाहावेत. आजोबांच्या मृत्यूनंतर वारस नोंद करताना बहिणींची नावे लागलीच नाहीत, किंवा लागली पण नंतर हक्कसोडपत्र झाले, असे प्रकार पुष्कळ आढळतात. सातबाऱ्यावर नाव नसल्याने हक्क जात नाही, कारण ती महसुलाची नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. मात्र नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेले असेल, तर देण्यासारखे काही उरलेलेच नसते. हिस्सा सामाईक असल्यास आईंना आपल्या अविभक्त हिश्श्याचेच मृत्युपत्र करता येईल, अमुक बांधापासून तमुक बांधापर्यंत असे नव्हे.

उंबरठा

दोन जोड देतो. वकिलांकडे जाताना वडिलांची मालमत्ता आणि देणी यांची एकच यादी न्यावी: खाते क्रमांक, पॉलिसी, लॉकर, कोणाला दिलेले उसने पैसे, सारे काही. आणि मृत्युपत्रात ‘याखेरीज माझ्या नावावर जे काही आढळेल ते अमुक व्यक्तीस’ असे शेवटचे वाक्य अवश्य असावे. ते नसेल, तर यादीतून सुटलेल्या एखाद्या छोट्या ठेवीसाठीही साऱ्या वारसांना पुन्हा सह्यांसाठी एकत्र यावे लागते.

एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, म्हणून भावाचे नाव घालण्यास कायद्याची आडकाठी नाही. आपण स्वतः झालात, तर मात्र वर म्हटलेला संशयाचा मुद्दा आणखी सौम्य होईल.

थोरली

एक्झिक्युटर म्हणून माझे नाव घालण्यास भावानेच होकार दिला आहे. मूळ मृत्युपत्र कोठे ठेवावे? ते घरातच राहणार असेल, तर बहिणीला ते योग्य वाटेल का, याची मला थोडी काळजी वाटते.

दस्तऐवज

नोंदणी केल्यास मूळ दस्त हरवला तरी अडचण टळते. वडिलांच्या हयातीत नोंदणीकृत मृत्युपत्राची नक्कल ते स्वतः किंवा त्यांनी नेमलेला मुखत्यार यांनाच मिळते. त्यांच्या पश्चात मृत्यूचा दाखला देऊन इतरांना मागता येते. नोंदणी न करता केवळ सुरक्षित ठेवायचे असेल, तर ते मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे जमा करण्याचीही सोय आहे. लॉकरमध्ये ठेवणार असाल, तर तो वडिलांच्या एकट्याच्या नावावर नसावा, कारण त्यांच्यामागे तो उघडण्यासाठीच आधी कागदपत्रे करावी लागतील. मूळ प्रत आपल्याकडे ठेवावी, भाऊ आणि बहीण या दोघांना एकेक छायाप्रत द्यावी, आणि मृत्युपत्र कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयात नोंदले हे आईंनाही लिहून द्यावे.